रेवस ते रेडी : भरती-ओहोटी पाहून आखलेला कोकण किनाऱ्याचा प्रवास

मुंबईहून गोव्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ कोकणातून जातो खरा, पण त्या रस्त्यावरून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. समुद्र पाहायचा असेल तर अलिबागजवळच्या रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत जाणारा सागरी मार्ग धरावा लागतो. हा मार्ग सलग नाही. सह्याद्रीतून उतरलेल्या नद्या समुद्राला मिळताना रुंद खाड्या करतात आणि त्या खाड्यांनी तो जागोजागी तोडला आहे. काही खाड्यांवर पूल आहेत, काही ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवावी लागते, तर काही ठिकाणी आतून लांब वळसा घ्यावा लागतो. म्हणून प्रथमच जाणाऱ्याने प्रवासाची आखणी किलोमीटर मोजून करू नये. खाड्या किती, बोटी केव्हा आणि भरती-ओहोटी किती वाजता, या तीन प्रश्नांवर ती करावी. पुढील सर्व सूचना याच प्रश्नांना धरून दिल्या आहेत.

आधी दिवस निवडावा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा आहे. एप्रिल-मे महिन्यांत हापूस मिळतो, मात्र दमट उकाडा सोसावा लागतो आणि सुट्ट्यांमुळे खोल्या भरलेल्या असतात. पावसाळ्यात सडे, म्हणजे जांभ्या कातळाची पठारे, हिरवेगार होतात आणि ते दृश्य खरोखर सुंदर असते, परंतु त्या काळात जंजिरा, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग या जलदुर्गांकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या बंद असतात, समुद्रातील खेळही बंद असतात आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. गणेशोत्सव आणि शिमगा हे कोकणाचे सर्वांत मोठे सण. त्या दिवसांत चाकरमानी गावी येतात, रस्ते भरतात आणि निवासाची सोय आयत्या वेळी होत नाही. पालखीचा सोहळा पाहण्यासाठीच जायचे असेल तर गोष्ट वेगळी, पण मग राहण्याची व्यवस्था बऱ्याच आधी करून ठेवावी.

महिना ठरला की तिथी पाहावी. किनाऱ्यावरील लोक भरतीचा एक सोपा हिशेब वापरतात. तिथीचा आकडा पाऊणपट केला की साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ वाजता. हा हिशेब शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना लागू पडतो आणि तीच वेळ दिवसा व रात्री अशी दोनदा येते. भरतीनंतर सहा तासांहून किंचित अधिक वेळाने ओहोटी पूर्ण होते. दररोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, म्हणजे पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा हा फरक बराच कमी होतो. हा हिशेब ठोकळ असल्यामुळे नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरतीच्या तक्त्यात पाहावी आणि गावातील कोळ्यांना विचारावी. दिवस निवडण्यासाठी मात्र तो पुरेसा आहे.

माझ्या मते या प्रवासाचा पहिला दिवस तृतीयेला यावा. तृतीयेला पूर्ण ओहोटी सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास येते, तेव्हा अलिबागचा कुलाबा किल्ला पायी पाहता येतो. तिसऱ्या दिवशी, पंचमीला, ती दहाच्या सुमारास येते आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा उजेडात, घाई न करता होते. चौथ्या दिवशी, षष्ठीला, दुपारी साडेचारच्या सुमारास भरती असते आणि हेदवीची बामणघळ, म्हणजे किनाऱ्याच्या कातळातील अरुंद घळ, पाहायला तीच वेळ लागते. पौर्णिमेला निघालात तर सकाळची ओहोटी पहाटेच उरकते आणि दुपारी किल्ल्याभोवती खोल पाणी असते.

गाडी, पैसे आणि इंधन

रस्ते बहुतेक ठिकाणी अरुंद आहेत. गावातून जाताना दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे असतात आणि समोरून एसटी आली तर एका वाहनाला मागे घ्यावे लागते. लहान गाडी या मार्गाला अधिक सोयीची. आतल्या रस्त्यांवर पेट्रोल पंप दूरदूर आहेत. त्यामुळे अलिबाग, श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण आणि वेंगुर्ले यांपैकी जे गाव लागेल तेथे, टाकी अर्धी असली तरी, ती भरून घ्यावी. काही खाड्यांच्या काठी मोबाइलला रेंज मिळत नाही, त्यामुळे नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि फेरीबोटीसाठी, होडीसाठी व खानावळीसाठी रोख रक्कम जवळ ठेवावी. अंधार पडल्यावर घाटीचे रस्ते चालवू नयेत. वळणे तीव्र आहेत आणि गुरे रस्त्यावर बसलेली असतात. दिवसाला शंभर किलोमीटरपेक्षा फार जास्त अंतर ठेवल्यास थांबण्यासाठी वेळच उरत नाही.

फेरीबोटींविषयी एक सूचना आधीच करतो. वारा वाढला, बोट बिघडली किंवा जेटीचे काम निघाले तर फेरी बंद राहू शकते, आणि काही खाड्यांवर पुलांची कामे चालू असल्यामुळे पोहोचरस्तेही बदलतात. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी यजमानांना विचारून घ्यावे. संध्याकाळची शेवटची फेरी कधीही गृहीत धरू नये.

अलिबाग ते मुरूड

मुंबईतील भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० मध्ये सुरू झाली. तीत गाडी चढवली की साधारण तासाभरात पलीकडे उतरता येते आणि पेण-वडखळच्या वाहतुकीतून सुटका होते. आदल्या संध्याकाळीच अलिबागला येऊन राहावे, म्हणजे सकाळी ओहोटी सुरू असतानाच किल्ल्याकडे निघता येते. कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळातील. पुढे तो कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे बनला. समुद्राने वेढलेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याचा तलाव आहे. पाणी पूर्ण उतरण्याच्या थोडे आधी निघावे आणि ते चढू लागताच परत फिरावे. परतीला उशीर झाल्यास होडीची वाट पाहावी, पाण्यात उतरू नये. कान्होजींची समाधी अलिबाग गावातच आहे.

दक्षिणेला निघताच अक्षी लागते. येथील गद्धेगाळीवरचा, म्हणजे शापवचन कोरलेल्या दगडावरचा, शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा लेख मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. मराठी वाचणाऱ्याने येथे दहा मिनिटे तरी थांबावे असे मला मनापासून वाटते. पुढे चौल आणि रेवदंडा ही जुन्या बंदराची जोडगावे आहेत. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीतून आजचा रस्ताच जातो. कुंडलिका खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लईचा किल्ला एका लांब, चिंचोळ्या डोंगरावर दिसतो. तो पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून तयार झालेली बोली बोलली जाते. दीपगृहाच्या बाजूने वर चढले तर अर्ध्या तासात माथा गाठता येतो आणि एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र असे दृश्य दिसते. काशीदचा किनारा वाटेतच आहे, परंतु सुट्टीच्या दिवशी तेथील गर्दीत वेळ घालवण्यापेक्षा मुरूड लवकर गाठावे.

जंजिरा, दिवेआगर आणि हरिहरेश्वर

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होड्यांपैकी एखादी पकडून राजपुरीहून जंजिऱ्यावर जावे. सिद्दींचा हा किल्ला कोणालाही लढून जिंकता आला नाही. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि किल्ल्याचे रक्षण कसे होत असे हे एवढ्यावरूनही ध्यानात येते. आत ‘कलालबांगडी’ तोफ, वाड्याचे अवशेष आणि मोठे तलाव आहेत. होडीवाले परतीची वेळ ठरवून देतात, तेव्हा तट आणि बुरूज आधी पाहावेत. तटावरून वायव्येला समुद्रात पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी तो बांधून घेतला.

त्यानंतर आगरदांड्याहून दिघीला जाणारी फेरीबोट घ्यावी. ही चुकली तर म्हसळ्याकडून मोठा वळसा पडतो. दिघीहून दिवेआगर जवळ आहे. तेथील सुवर्णगणेशाचा मुखवटा १९९७ मध्ये जमिनीत पेटीत सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०२१ मध्ये त्याची पुनर्प्रतिष्ठापना झाली. रूपनारायणाच्या मंदिरातील विष्णुमूर्ती मात्र घाईत पाहण्यासारखी नाही. तिच्या प्रभावळीवरील दशावतारांचे कोरीवकाम जवळ जाऊन पाहावे.

दिवेआगरहून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता हा या संपूर्ण प्रवासातील मला सर्वाधिक आवडणारा टप्पा आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे काही हातांवर खडक आणि लाटा, आणि मध्ये रस्ता. अंतर थोडेच आहे. येथे दुपारी चारनंतर यावे, कारण मावळतीचा उजेड समोरच्या पाण्यावर पडतो, आणि गाडी वळणावर न थांबवता जेथे रस्ता रुंद आहे तेथेच उभी करावी. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे मूळ गाव. मुक्काम येथे करावा किंवा पुढे हरिहरेश्वरला.

हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगरातील एका फटीतून पायऱ्यांनी समुद्राकडे उतरते आणि मग लाटांनी झिजवलेल्या कातळावरून वळसा घालते. कातळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे पडलेली आहेत आणि समुद्र खडक कसा खातो हे इतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते. ही वाट केवळ ओहोटीतच आहे. भरतीत, किंवा ओहोटी असूनही समुद्र खवळलेला असताना, तेथे अचानक मोठी लाट येऊन माणसे ओढली गेली आहेत. पाणी चढत असेल तर देवदर्शन करून वरूनच परतावे. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवू नये आणि छायाचित्रासाठी कडेला जाऊ नये.

सावित्री ओलांडून हर्णैपर्यंत

बागमांडल्याहून वेसवीला जाणारी फेरीबोट सावित्रीची खाडी पार करून रत्नागिरी जिल्ह्यात उतरवते. ती बंद असल्यास आंबेत-म्हाप्रळकडचा पूल हा पर्याय असतो. तो वाहतुकीस खुला आहे ना हे विचारून मगच तिकडे वळावे. वेसवीच्या पुढे बाणकोटचा किल्ला, म्हणजे हिंमतगड, आणि त्यापुढे वेळास. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव, परंतु आज ते ओळखले जाते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून येथे अंड्यांचे रक्षण सुरू केले. माद्यांनी वाळूत घातलेली अंडी संरक्षित जागेत हलवली जातात, सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि साधारण फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत सकाळी व संध्याकाळी ती समुद्रात सोडली जातात. पिल्ले दिसतीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्यासाठी एक रात्र गावातील घरी राहावे. जेवणही घरचेच मिळते. कोकणातल्या कोणत्याही पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, गाडी नेऊ नये ही विनंती मी येथेच करतो. चाके वाळूत रुततात आणि भरती चढू लागली की गाडी वाचवणे कठीण होते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाळूखालची घरटी चिरडली जातात.

भारजा नदीच्या खाडीमुळे केळशीला आतून वळसा घ्यावा लागतो. केळशीचे महालक्ष्मी मंदिर पाहून आडेमार्गे आंजर्ल्याला यावे आणि ‘कड्यावरच्या गणपती’च्या आवारातून खालचा किनारा व दूरचा सुवर्णदुर्ग पाहावा. मग पूल ओलांडून हर्णै. दुपारी चारनंतर हर्णैच्या बंदरावर माशांचा लिलाव चालतो. बोटींतून माल उतरतो, वाळूवर ढीग लागतात आणि बोली इतक्या वेगाने होते की नवख्याला ती कळेपर्यंत ढीग विकलेला असतो. मधे उभे राहून कामात अडथळा आणू नये. सुवर्णदुर्गाला जायचे असेल तर समुद्र शांत असताना हर्णैहून होडी मिळते. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला आहेतच. मुक्कामाला शेजारचे मुरूड चांगले आहे. रायगडातील मुरूड आणि दापोलीचे मुरूड ही दोन वेगळी गावे आहेत, हे खोली नोंदवताना ध्यानात ठेवावे. दापोलीचे मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे गाव.

दाभोळ, गुहागर, जयगड

कर्दे, लाडघर, कोळथरे असे करत दाभोळला उतरावे. जेटीजवळची आदिलशाही काळातील दगडी मशीद हे या एकेकाळच्या मोठ्या बंदराचे उरलेले वैभव आहे, आणि खडकात कोरलेले चंडिकादेवीचे अंधारे मंदिर गावाजवळच आहे. दाभोळ-धोपावे फेरीने वाशिष्ठी ओलांडली की गुहागर तालुका लागतो. अंजनवेलचा गोपाळगड, गुहागरची लांबच लांब पुळण आणि व्याडेश्वराचे मंदिर यांना अर्धा दिवस द्यावा. पुढे वेळणेश्वर आणि हेदवी. हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या मंदिराजवळ कातळात एक अरुंद घळ आहे. भरतीची लाट तीत शिरली की पाणी कोंडून उंच उसळते. हीच बामणघळ. षष्ठीच्या सुमारास भांग जवळ आल्यामुळे उसळी उधाणाइतकी नसते, तरी वेळ उजेडाची मिळते आणि धोकाही कमी असतो. तरीही घळीच्या काठावर जाऊ नये.

तवसाळ-जयगड फेरी शास्त्री नदीच्या मुखाशी आहे. ती बंद असल्यास भातगावच्या पुलाने जावे लागते. जयगडचा किल्ला पाहून मालगुंडला केशवसुतांच्या जन्मस्थानी थांबावे. गणपतीपुळ्याला देवळामागच्या टेकडीलाच प्रदक्षिणा घातली जाते, कारण टेकडीच देवाचे रूप मानली आहे. येथील समुद्र उताराचा आणि फसवा आहे, दरवर्षी पोहणारे बुडतात. पाण्यात गुडघ्यापलीकडे जाऊ नये. त्यानंतरचा आरे-वारे रस्ता घाटीवरून दोन पुळणींकडे उतरतो. वरच्या वळणावर गाडी नीट बाजूला लावून हा देखावा पाहावा.

रत्नागिरी ते विजयदुर्ग

रत्नागिरी येथे लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान, १९३१ चे पतितपावन मंदिर आणि थिबा राजवाडा आहे. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून येथे ठेवले. १९१० मध्ये हा वाडा पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजाचे निधन झाले. भाट्ये पुलावरून पावस, पूर्णगड, कशेळी आणि आडिवरे हा टप्पा गर्दीविरहित आहे. कशेळीचे कनकादित्य हे सूर्यमंदिर प्रसिद्ध आहे, पण गावाच्या सड्यावरील कातळशिल्प पाहिल्याशिवाय निघू नये. जांभ्यात कोरलेली हत्तीची प्रचंड आकृती आणि तिच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती, असे ते शिल्प आहे. गावातला माणूस सोबत घ्यावा, एरवी सड्यावर जागा सापडत नाही. कोरीव रेषांवरून चालू नये आणि त्या उठून दिसाव्यात म्हणून त्यांत पाणी, खडू वा रंग भरू नये.

नाटे-जैतापूर पूल ओलांडल्यावर वाघोटन खाडीला आतून वळसा घालून विजयदुर्गला यावे लागते. समुद्राने तीन बाजूंनी वेढलेला, तिहेरी तटाचा हा किल्ला १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या हातून गेला. जवळच्या गिर्ये येथील रामेश्वर मंदिराची वाट खडक फोडून केलेली आहे. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे या किनाऱ्यावरचे चार किल्ले २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात समाविष्ट झाले, त्यांपैकी विजयदुर्ग हा एकच थेट गाडीने गाठता येतो.

देवगड ते रेडी

देवगडहून तारामुंबरीच्या पुलाने कुणकेश्वर, मग मिठबाव, आचरा आणि मालवण. मालवणला दोन रात्री ठेवाव्यात. सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर झाली. किल्ल्यात राजाराम महाराजांच्या काळातील शिवाजी महाराजांचे मंदिर आहे आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या खारट समुद्रातल्या गोड्या विहिरी आहेत. होडीसाठी सकाळी लवकर जेटीवर जावे. तारकर्ली-देवबाग येथे समुद्रतळ पाहायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत पाणी अधिक स्वच्छ असते. परवाना आणि प्रशिक्षित सोबती असल्याची खात्री करावी. जेवणासाठी खानावळीत दोन-तीन तास आधी सांगून ठेवावे, हे संपूर्ण किनाऱ्याला लागू आहे. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगावे.

कर्ली नदीमुळे देवबागहून पुढे थेट रस्ता नाही. आतल्या पुलावरून परुळे गाठून भोगवे आणि निवती पाहावे, मग वेंगुर्ले आणि शिरोडा. शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, आणि वि. स. खांडेकर येथील शाळेत बरीच वर्षे शिक्षक होते. रेडीला गणपतीचे मंदिर आणि यशवंतगड पाहून झाले की महाराष्ट्राचा किनारा संपतो. पुढे तेरेखोलच्या किल्ल्यापर्यंत जाऊन फेरीने गोव्यातील केरीला उतरता येते. मुंबई-पुण्याकडे परतायचे असल्यास शिरोड्याहून सावंतवाडीमार्गे महामार्ग ६६ धरावा आणि परतीसाठी एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा.